लिथियम-गंधक बॅटरीसाठी कोबाल्टचा उत्प्रेरक : प्रकल्प नोंदी

३ जून २०२४

काम एका प्रश्नापुरतं बांधून घेतलं आहे. नायट्रोजन मिसळलेल्या कार्बनवर सुटे सुटे बसवलेले कोबाल्टचे अणू पॉलिसल्फाइडचं (डिस्चार्जच्या मधल्या टप्प्यावर बनणाऱ्या, लिथियमशी जोडलेल्या गंधकाच्या साखळ्यांचं) लिथियम सल्फाइड होण्याचा वेग वाढवतात का, आणि वाढवत असतील तर इलेक्ट्रोलाइट मोजकं असतानाही तो फरक दिसतो का?

हिशोब असा. गंधकाची सैद्धांतिक क्षमता ग्रॅममागे १,६७५ एमएएच (मिलिअँपिअर-तास). डिस्चार्जमध्ये ती दोन पायऱ्यांत मिळते. २.३ ते २.४ व्होल्टच्या वरच्या पायरीत गंधकाचं आठ अणूंचं कडं फुटतं आणि साखळ्या तुटत तुटत चार अणूंच्या टेट्रासल्फाइडपर्यंत येतात. तिथे जेमतेम चौथा हिस्सा मिळतो, ४१८ एमएएच. बाकीचे तीन हिस्से २.१ व्होल्टच्या खालच्या पायरीत आहेत, जिथे विरघळलेल्या टेट्रासल्फाइडचं घन लिथियम सल्फाइड होतं. गाडी अडते ती तिथेच. लिथियम सल्फाइड वीज वाहून नेत नाही. कार्बनवर त्याचा थर बसला की मागून येणाऱ्या साखळ्यांना इलेक्ट्रॉन मिळत नाहीत, आणि त्या ताटकळत असताना सेपरेटर (दोन इलेक्ट्रोडांमधला पडदा) ओलांडून लिथियमकडे जातात.

त्यामुळे प्रत्येक सेलची एकूण क्षमता लिहून भागणार नाही. वरच्या आणि खालच्या पायरीची क्षमता वेगळी लिहायची आणि त्यांचं गुणोत्तर काढायचं. आदर्श गुणोत्तर ३. उत्प्रेरक काम करत असेल तर ते या आकड्यात दिसलं पाहिजे.

५ जून

तीन नमुने एकाच दिवशी, एकाच बाटलीतल्या मिथेनॉलमध्ये लावले. पद्धत झिफ-८ ची, म्हणजे झिंक आणि २-मिथाइलइमिडाझोल यांच्या जाळीची. झिंकच्या काही जागी कोबाल्ट बसतो.

धातू एकूण १० मिलिमोल, १०० मिली मिथेनॉलमध्ये. दुसऱ्या भांड्यात २-मिथाइलइमिडाझोल ४० मिलिमोल (३.२८४ ग्रॅम), तेही १०० मिलीमध्ये. झिंक नायट्रेट आणि कोबाल्ट नायट्रेट दोन्ही सहा पाण्यांचे.

नियंत्रण नमुना (नाक, म्हणजे नायट्रोजन-कार्बन): झिंक २.९७५ ग्रॅम, कोबाल्ट नाही.
को-२: झिंक २.९१५ ग्रॅम, कोबाल्ट ५८ मिग्रॅ.
को-१०: झिंक २.६७७ ग्रॅम, कोबाल्ट २९१ मिग्रॅ.

धातूचा द्राव इमिडाझोलमध्ये एका दमात ओतला आणि २४ तास खोलीच्या तापमानाला ढवळत ठेवला. हळूहळू ओतलं तर स्फटिक मोठे होतात आणि पुढे भट्टीत आतला झिंक बाहेर पडायला वेळ लागतो. सेंट्रिफ्यूज, मिथेनॉलने तीन धुणी, ७० अंशांना रात्रभर सुकवण. नाक पांढरा, को-२ फिकट जांभळा, को-१० गडद जांभळा. कोबाल्ट चार नायट्रोजनांच्या मध्ये बसला की हा जांभळा रंग येतो. पावडर गुलाबी दिसली तर कोबाल्ट जाळीत गेलेला नाही, नायट्रेट धुण्यात राहून गेलं आहे.

एक्सरे डिफ्रॅक्शनमध्ये झिफ-८ च्या जाळीची ७.३ अंशांची पहिली रेघ तिन्हींत आहे.

७ जून

ट्यूब भट्टी. आर्गॉन मिनिटाला १०० मिली, चढ मिनिटाला ५ अंश, ९५० अंशांना ३ तास, उतरण आपोआप. झिंक ९०७ अंशांना उकळतो, म्हणून ९५०. ८०० वर थांबलं तर झिंक आतच राहतो. १,००० च्या पुढे नायट्रोजन झपाट्याने कमी होतो, आणि नायट्रोजन गेला की कोबाल्टला धरून ठेवणारं कुणी उरत नाही.

दोन गोष्टी पुढच्या वेळी नळी लावणाऱ्यासाठी. बाहेर पडणाऱ्या वायूत हायड्रोजन सायनाइड असू शकतो. वायू सोडियम हायड्रॉक्साइडच्या बबलरमधून काढायचा आणि बबलरसकट सगळं फ्यूम हूडमध्ये ठेवायचं. दुसरं म्हणजे नळीच्या थंड टोकाला झिंक जमतो. करडा, मऊ, बोटाने पुसला जाईल असा थर. तीन फेऱ्यांनंतर तो बाहेरची नळी अरुंद करतो आणि आतला दाब वाढतो, म्हणून दर फेरीनंतर टोक साफ करायचं. हा झिंक फार बारीक असतो, तो कोरडा खरवडू नये.

११ जून

को-१० मध्ये ४४.२ अंशांना टोकदार रेघ. धातुरूप कोबाल्ट.

त्याची खूण मोजण्याआधीच दिसली होती. काचेच्या बाटलीला बाहेरून निओडिमियम चुंबक लावला तर को-१० ची पावडर काचेला चिकटून वर सरकते. चुंबक फिरवला की काळी रेघ त्याच्या मागे फिरते. को-२ च्या बाटलीत पावडर जागची हलत नाही. चुंबकाची परीक्षा पुरेशी नसते, पण भट्टीतून बाहेर आल्या आल्या अर्ध्या मिनिटात होते आणि डिफ्रॅक्शनच्या रांगेत थांबावं लागत नाही.

कारण साध्या हिशोबात आहे. जाळीतला झिंक उडून जातो आणि सेंद्रिय भागाचं वजनही बरंच घटतं, पण कोबाल्ट सगळा उरतो. जाळीच्या वजनाचा ३० टक्के भाग मागे राहिला असं धरलं, तर को-२ मध्ये कोबाल्ट वजनाने सुमारे १.७ टक्के होतो आणि को-१० मध्ये सुमारे ८.६ टक्के. इतक्या कोबाल्टला पुरतील एवढ्या नायट्रोजनच्या जागा या कार्बनमध्ये नाहीत. जागा न मिळालेले अणू एकमेकांना चिकटून कण बनतात.

को-१० अर्ध्या मोलर गंधकाम्लात ८० अंशांना १२ तास ठेवला. द्रावाला फिकट गुलाबी छटा आली, म्हणजे काही कोबाल्ट सुटला. पण धुतलेली पावडर अजूनही चुंबकाकडे सरकते. ज्या कणांभोवती ग्राफाइटचं कवच तयार झालं आहे त्यांच्यापर्यंत आम्ल पोहोचत नाही. हा नमुना इथेच बाजूला. यातल्या उघड्या कोबाल्टवर वितळलेलं गंधक पडलं की कोबाल्ट सल्फाइड होणार, आणि मग मोजतोय ते अणू, धातू की सल्फाइड हे सांगता येणार नाही. पुढचं काम को-२ आणि नाकवर.

१४ जून

को-२ सुद्धा खबरदारी म्हणून आम्लाने धुतला होता. आज त्याच्या कोऱ्या बाटलीत, म्हणजे फक्त डीओएल-डीएमई (इलेक्ट्रोलाइटचे दोन द्रावक) आणि को-२, पॉलिसल्फाइड नाही, द्राव दाट झालेला आढळला. बाटली तिरकी केली तर काकवीसारखा उतरतो. नाकच्या बाटलीत असं काही नाही.

दोष उत्प्रेरकाचा नाही, धुण्याचा आहे. डीओएलचं कडं तीव्र आम्लाच्या अंशानेही उघडतं आणि त्याची लांब साखळी होत जाते. कार्बनच्या बारीक छिद्रांत गंधकाम्ल अडकून राहिलं होतं. दोन वेळा पाण्याने धुणं पुरत नाही. आता कृती अशी: ग्रॅममागे ५०० मिली गरम पाणी, गाळण्यातून बाहेर येणाऱ्या पाण्याचा सामू आत टाकलेल्या पाण्याइतका होईपर्यंत. मग तीच पावडर पाण्यात रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी सामू पुन्हा बघायचा, कारण छिद्रांतलं आम्ल सावकाश बाहेर येतं. मग १२० अंशांना निर्वातात सुकवण. तुलना सरळ राहावी म्हणून नाकसुद्धा आजपासून याच आम्लातून आणि याच धुण्यातून जाईल.

हे सेलमध्ये घडलं असतं तर फक्त रोध वाढलेला दिसला असता आणि दोष कोबाल्टवर गेला असता.

१८ जून

गंधक भरणे. आधी छिद्रांचा हिशोब.

७० टक्के गंधक भरायचं तर ०.३ ग्रॅम कार्बनमध्ये ०.७ ग्रॅम गंधक मावलं पाहिजे. गंधकाची घनता २.०७, म्हणजे आकारमान ०.३४ घनसेमी. कार्बनच्या ग्रॅममागे १.१३ घनसेमी छिद्रं हवीत. डिस्चार्जमध्ये गंधकाचं लिथियम सल्फाइड होताना आकारमान सुमारे ८० टक्के वाढतं, ते धरलं तर २ घनसेमीच्या वर. झिफपासून केलेल्या कार्बनची छिद्रं बारीक आहेत आणि एकूण आकारमान याच्या निम्म्याच्याही खाली. जागा नसलेलं गंधक बाहेर साल धरून बसेल.

म्हणून को-२ ला गंधकाचं घर करायचं नाही. घर केचेनब्लॅक या सच्छिद्र कार्बनचं, आणि को-२ त्यात मिसळलेला. गंधक ७०, केचेनब्लॅक २०, को-२ (किंवा नाक) १०. अगेटच्या खलात ३० मिनिटं, मग आर्गॉनखाली टेफ्लॉनच्या भांड्यात बंद करून १५५ अंशांना १२ तास. या तापमानाच्या आसपास वितळलेलं गंधक सर्वांत पातळ असतं. १६० ओलांडलं की कडी फुटून लांब साखळ्या होतात आणि ते एकदम घट्ट होतं, छिद्रांत शिरत नाही. ओव्हनचा आकडा आणि भांड्याच्या आतला आकडा यांत ४ अंशांचा फरक निघाला. थर्मोकपल भांड्याला टेकवूनच तापमान लावायचं.

२१ जून

इलेक्ट्रोलाइट: १ मोलर लिथियम टीएफएसआय (लिथियमचा क्षार), डीओएल आणि डीएमई आकारमानाने समान, वर २ टक्के लिथियम नायट्रेट. पावसाळा सुरू झाला आहे. लिथियम नायट्रेटची बाटली बाहेर उघडली तर वजन करेपर्यंत दाणे एकमेकांना चिकटतात. दोन्ही क्षार १२० अंशांना २४ तास निर्वातात, मग थेट ग्लोव्हबॉक्समध्ये (बाहेरची हवा आत न येणारी बंद पेटी). कार्ल फिशर पद्धतीने मोजलेलं पाणी २० पीपीएमच्या खाली आल्याशिवाय द्राव वापरायचा नाही.

कार्बोनेटचं नेहमीचं इलेक्ट्रोलाइट इथे चालत नाही. पॉलिसल्फाइड कार्बोनेटवर हल्ला करतं आणि दोन्ही वाया जातात.

२५ जून

शोषणाची चाचणी. हेक्सासल्फाइडचा साठा: लिथियम सल्फाइड ९२ मिग्रॅ, गंधक ३२१ मिग्रॅ (मोलमध्ये १ला ५), १० मिली डीओएल-डीएमई, ६० अंशांना २४ तास. हा ०.२ मोलर होतो. चाचणीसाठी २ मिलिमोलरपर्यंत पातळ केला.

बहुतेक ठिकाणी सगळ्या पावडरी समान वजनाने टाकतात आणि कुणाचा पिवळा रंग आधी गेला त्याचं छायाचित्र छापतात. ही तुलना चुकीची आहे. पृष्ठभाग जास्त असलेला कुठलाही कार्बन रंग पितो. इथे प्रत्येक बाटलीत १० चौरस मीटर पृष्ठभाग येईल एवढी पावडर टाकली. केचेनब्लॅकचा पृष्ठभाग ग्रॅमला सुमारे १,३०० चौरस मीटर, म्हणून ७.७ मिग्रॅ. नाक आणि को-२ त्यांच्या त्यांच्या मोजणीप्रमाणे. आणि एक बाटली नुसत्या द्रावाची, कारण झाकण नीट बसलं नाही तर हवेनेही रंग जातो आणि तेच शोषण वाटतं.

समान पृष्ठभागावर केचेनब्लॅकचा द्राव पिवळाच राहिला, नाकचा फिका झाला, को-२ चा जवळजवळ निवळला. कोबाल्ट पॉलिसल्फाइडला धरतो, एवढंच यातून कळलं. धरणं म्हणजे रूपांतर करणं नव्हे. फार घट्ट धरलं तर जागा अडून बसते.

वापरलेल्या बाटल्या सिंकमध्ये धुवायच्या नाहीत. आम्लाशी किंवा नुसत्या पाण्याशी गाठ पडली तरी हायड्रोजन सल्फाइड सुटतो. वास येत नाही म्हणून वायू नाही असं धरू नये, प्रमाण वाढलं की वास घेण्याची शक्ती बधिर होते.

२ जुलै

लिथियम सल्फाइडचं बीजन, म्हणजे घन कणांची पहिली बीजं धरणं. प्रचलित पद्धतीने.

ऑक्टासल्फाइड ०.२५ मोलर, टेट्राग्लाइम या द्रावकात: १० मिलीला लिथियम सल्फाइड ११५ मिग्रॅ, गंधक ५६१ मिग्रॅ. कार्बन पेपरच्या चकतीवर ०.५ मिग्रॅ पावडर, वर २० मायक्रोलिटर हा द्राव, सेपरेटर, लिथियमच्या बाजूला २० मायक्रोलिटर साधं इलेक्ट्रोलाइट. ०.११२ मिलिअँपिअरने २.०६ व्होल्टपर्यंत उतरवायचं, मग २.०५ वर धरून ठेवायचं, प्रवाह ०.०१ मिलिअँपिअरच्या खाली जाईपर्यंत. प्रवाह आधी घसरतो (उरलेल्या लांब साखळ्या), मग बीजं धरतात तसा टेकडीसारखा चढतो आणि थराने पृष्ठभाग झाकला की पुन्हा उतरतो.

को-२ ची टेकडी आधी आली आणि उंच आली. नाकची नंतर, पसरट. दोघांत फरक स्पष्ट आहे, पण केचेनब्लॅक आणि नाकमधला फरकही तितकाच मोठा आहे. म्हणजे सुधारणेतला मोठा वाटा नायट्रोजनचा. कोबाल्टचं श्रेय मोजायचं तर तुलना नाकशीच हवी. साध्या कार्बनशी तुलना करून धातूचं कौतुक करणं इथे सगळ्यात सोपी चूक आहे.

५ जुलै

२ जुलैच्या आकड्यांवर एक हिशोब केला, तो आधीच करायला हवा होता.

०.२५ मोलर ऑक्टासल्फाइड म्हणजे गंधकाचे अणू २ मोलर. लिटरमध्ये ६४ ग्रॅम गंधक. उलटं केलं तर मिलिग्रॅम गंधकामागे १५.६ मायक्रोलिटर द्राव. म्हणजे ही प्रचलित चाचणी भरपूर इलेक्ट्रोलाइट असलेल्या सेलचंच चित्र दाखवते. कामाची बॅटरी व्हायला हे प्रमाण ५ च्या खाली हवं, नाहीतर इलेक्ट्रोलाइटचं वजनच गंधकाचा सगळा फायदा खाऊन टाकतं. प्रमाण ५ असताना सगळं गंधक विरघळलं तर अणूंची तीव्रता ६.२ मोलर. तिथे द्राव दाट, आयन मंद. तिप्पट पातळ द्रावात जिंकलेला उत्प्रेरक तिथे जिंकेलच असं नाही.

म्हणून तीच चाचणी ०.७५ मोलर ऑक्टासल्फाइडवर. ५ मिलीला लिथियम सल्फाइड १७२ मिग्रॅ, गंधक ८४२ मिग्रॅ. ६० अंशांना दोन दिवस लागले, द्राव जवळजवळ काळा. साध्या मायक्रोपिपेटमध्ये तो टोकाला चिकटून राहतो आणि २० च्या जागी १६-१७ मायक्रोलिटरच पडतो. प्रत्येक थेंब तराजूवर मोजूनच टाकला.

९ जुलै

दाट द्रावात नाकची टेकडी दिसतच नाही, प्रवाह नुसता घसरत जातो. को-२ ची आहे, उशिरा आणि बुटकी, पण आहे. पातळ द्रावात दोघांत जेवढं अंतर होतं त्यापेक्षा इथलं अंतर मोठं आहे. या प्रकल्पातलं सगळ्यात महत्त्वाचं निरीक्षण आतापर्यंत हेच.

१५ जुलै

कॅथोड, म्हणजे गंधकाचं इलेक्ट्रोड. गंधकाचं मिश्रण ८०, सुपर-पी कार्बन १०, सीएमसी-एसबीआर (कण धरून ठेवणारं बाइंडर) १०, पाण्यात. गंधक एकूण ५६ टक्के. एनएमपी (द्रावक) टाळलं: ते गंधक काही अंशी विरघळवतं आणि उडवायला जास्त उष्णता लागते. सुकवण आधी खोलीत रात्रभर, मग ५० अंशांना निर्वातात. चकतीचं वजन आधी आणि नंतर. गंधक निर्वातात हळूहळू उडतं आणि ते लक्षात आलं नाही तर क्षमतेचे आकडे चुकतात.

१२ मिमीची चकती, १.१३ चौसेमी. पातळ कॅथोडवर चौसेमीला १.२ मिग्रॅ गंधक (चकतीवर १.३६), जाडवर ४ (चकतीवर ४.५२).

जाड थर पहिल्या खेपेला उन्हाळ्यातल्या तळ्याच्या तळासारखा भेगाळला. पाणी उडताना कण एकमेकांकडे ओढले जातात आणि जाड थराला ताण सोसत नाही. सुपर-पीमधला निम्मा भाग कार्बन नॅनोट्यूबने बदलला, स्लरीत ५ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल टाकलं आणि पहिले सहा तास थरावर झाकण ठेवलं. भेगा गेल्या.

१९ जुलै

पातळ सेल, मिलिग्रॅम गंधकामागे इलेक्ट्रोलाइटचं प्रमाण १५, म्हणजे २०.४ मायक्रोलिटर. ०.२ सी (१ सी म्हणजे सगळी सैद्धांतिक क्षमता एका तासात काढणारा प्रवाह), ०.४५५ मिलिअँपिअर. मर्यादा १.८ ते २.८ व्होल्ट. १.७ च्या खाली जायचं नाही, कारण तिथे लिथियम नायट्रेट कॅथोडवर तुटू लागतं आणि ती क्षमता गंधकाची म्हणून मोजली जाते.

प्रत्येकी चार सेल. को-२ नाकच्या थोडा पुढे आहे, पण चार सेलमधली आपसातली तफावत जवळजवळ तेवढीच. गुणोत्तर दोघांचं २.५ च्या आसपास. एवढ्यावर कोबाल्टच्या बाजूने काही म्हणता येत नाही.

२६ जुलै

जाड सेल, प्रमाण ५, म्हणजे २२.६ मायक्रोलिटर. सेलमध्ये टाकलेलं इलेक्ट्रोलाइट जवळपास मागच्याइतकंच, गंधक तिप्पट. डीएमई आणि डीओएल दोन्ही लवकर उडतात. पहिला थेंब पडल्यापासून क्रिंपरचा (सेल बंद करणाऱ्या यंत्राचा) दाब बसेपर्यंत दोन मिनिटांच्या वर वेळ गेला की सेल बाद धरला. आधी अर्धं इलेक्ट्रोलाइट कॅथोडवर, मग सेपरेटर, उरलेलं त्यावर, लिथियम, स्पेसर, स्प्रिंग. दहा तास विश्रांती, त्याशिवाय जाड थर आतपर्यंत भिजत नाही.

०.१ सीला (०.७५७ मिलिअँपिअर) नाकचे चारही सेल दोन पायऱ्यांच्या मध्ये कोसळले. वरची पायरी संपते तिथे द्राव सर्वांत दाट असतो आणि पहिली बीजंही तिथेच धरायची असतात, म्हणून व्होल्टेजमध्ये खड्डा पडतो. नाकचा खड्डा १.८ ला टेकला आणि यंत्राने डिस्चार्ज तिथेच तोडला. को-२ चा खड्डा २.० च्या वर थांबला आणि पायरी पुन्हा २.०७ वर आली.

पहिली दोन आवर्तनं ०.०५ सीला घेतली की नाकही खालची पायरी गाठतो, पण गुणोत्तर २ च्या खाली. को-२ चं २.४.

२ ऑगस्ट

नायट्रेट काढून हेच सेल. कूलंब कार्यक्षमता (चार्जमध्ये भरलेल्यापैकी डिस्चार्जमध्ये परत मिळणारा वाटा) १०० टक्क्यांच्या जवळ म्हणजे साखळ्यांची ये-जा थांबली असं नसतं. नायट्रेट लिथियमवर थर धरतं आणि ये-जा लपवतं. नायट्रेटशिवाय दोन्हींची कार्यक्षमता घसरली, को-२ ची कमी. २.४ व्होल्टवर ७२ तास ठेवून पाहिलं तेव्हाही वरच्या पायरीची क्षमता को-२ मध्ये जास्त उरली. रूपांतर लवकर होतं म्हणून द्रावात थांबणाऱ्या साखळ्याच कमी, हा अर्थ बीजनाच्या आकड्यांशी जुळतो.

१४ ऑगस्ट

को-२ चे जाड सेल चाळिसाव्या आवर्तनाच्या आसपास अचानक बसले. उत्प्रेरक मेला की दुसरं काही, हे ठरवायला दोन सेल ग्लोव्हबॉक्समध्ये उघडले. सेपरेटर कोरडा. लिथियम काळसर, भुसभुशीत, चिमट्याने चुरा होतो. चौसेमीला ४ एमएएच ये-जा करायची म्हणजे दर आवर्तनात सुमारे १९ मायक्रोमीटर लिथियम निघतं आणि परत बसतं. दर वेळी नवा पृष्ठभाग उघडा पडतो आणि तो इलेक्ट्रोलाइट खातो.

तेच कॅथोड डीएमईने न धुता नव्या लिथियमवर, नव्या २२.६ मायक्रोलिटरसह बसवले. क्षमता पहिल्या दहा आवर्तनांच्या पातळीजवळ परतली. खड्डाही पूर्वीसारखाच उथळ. कोबाल्ट जागेवर आहे आणि काम करतो आहे. सेल संपवला तो लिथियमने.

१९ ऑगस्ट

उत्प्रेरक १० टक्के ठेवणं वजनाला परवडत नाही. को-२ चं प्रमाण ५ आणि २ टक्के केलेली दोन मिश्रणं आज ओव्हनमध्ये गेली. तेवढा केचेनब्लॅक वाढवला आहे. प्रत्येकी चार जाड सेल, इलेक्ट्रोलाइटचं प्रमाण ५ आणि ४. कॉइन सेलमधल्या (नाण्याच्या आकाराच्या या सेलमधल्या) मोकळ्या जागेत द्रावक वाफ होऊन बसतो, त्यामुळे ४ च्या खालचा आकडा इथे भरवशाचा नाही, ते पाऊच (पाकिटासारख्या) सेलवरच करायचं. पहिली मोजणी खड्ड्याच्या खोलीची, ०.१ सीला.